१०८ च्या गाडीचा उत्पादन खर्च

(परळी वैजनाथ येथे जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीपुढे कापसाच्या भावाचा विषय आहे, ज्वारीच्या खरेदीचा आहे, पीकविम्याचा आहे. त्यात मी रुग्णवाहिकेवरच्या माणसांच्या पगाराचा विषय घातला म्हणून दोघा-तिघांनी मला सकाळीच बाजूला घेतले. त्यांचे म्हणणे असे, की आपली संघटना शेतकऱ्यांची आहे. पगारदारांची वकिली करायला त्यांच्या युनियना आहेत. वेतन आयोगाचा प्रत्येक हप्ता शेवटी शेतकऱ्याच्या पाठीवरून जातो, असे आपणच गावोगाव सांगत आलो. मग आज हा उलटा सूर कसा?

आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर आधी देतो आणि मग पुढे जातो.

पगारदार दोन प्रकारचे आहेत. एकाची नेमणूक कायम असते, महिन्याच्या एक तारखेला त्याच्या खात्यात पैसे पडतात आणि एकामागून एक वेतन आयोग त्याला लागू होतात. दुसरा ठेकेदाराचा माणूस. काम सरकारचे, गाडीवर पाटी सरकारची, पण नेमणूक ठेकेदाराची. त्याला कोणताच आयोग लागू नाही. पगार किती ते निविदेवर ठरते आणि कधी मिळणार ते ठेकेदाराच्या सवडीवर. १०८ च्या गाडीवरचा डॉक्टर आणि ड्रायव्हर या दुसऱ्या प्रकारातले. १०२ ची गाडी बाळंतिणीला दवाखान्यात नेते आणि घरी आणून सोडते, तिच्यावरचे बहुतेक ड्रायव्हरही त्यातलेच.

आणि हे कोणाचे पोर आहे? पाच एकर कोरडवाहूत तिघा भावांचे भागत नाही म्हणून धाकट्याने जड वाहनाचे लायसन काढले, तो हा ड्रायव्हर. दोन एकर विकून मुलाला आयुर्वेदाच्या कॉलेजात घातले, तो हा डॉक्टर. तो आपल्याच घरातला माणूस आहे. आपण त्याच्याकडे आजवर पाहिले नाही, एवढेच.

गेल्या साली आमच्या शिवारात कापूस वेचताना एका बाईला साप चावला. घोणस होती. गाडी आली, डॉक्टरने सलाईन लावले आणि बाईला अंबाजोगाईला हलवले. बाई वाचली. रात्री दवाखान्याच्या बाहेर टपरीवर मी त्या ड्रायव्हरला चहा पाजला आणि सहज विचारले, पगार किती? तो म्हणाला, "काका, किती ते नंतर सांगतो. आधी कधी ते विचारा. मागल्या दोन महिन्यांचा अजून आला नाही." मी म्हणालो, मग घर कसे चालते? म्हणाला, "घरी कापूस आहे की."

हे वाक्य मी तेव्हापासून विसरलो नाही. सरकारी सेवेतला ड्रायव्हर कोरडवाहू कापसाच्या भरवशावर घर चालवतो आहे! म्हणजे १०८ च्या गाडीला अनुदान कोण देतो? आपण देतो. तो कोणत्या ठेक्यातला, कोणत्या तालुक्यातला, हे सांगत नाही. त्याची नोकरी जाईल.

आता ही सेवा कशी चालते ते समजून घेऊ. १०८ हा नंबर देशात पहिल्यांदा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झाला. महाराष्ट्रात तो जानेवारी २०१४ मध्ये आला. तुम्ही गावातून फोन लावला की तो पुण्याला औंधच्या केंद्रात लागतो. तिथे विचारपूस होते आणि जवळची मोकळी गाडी निघते. सुरुवातीला राज्यात ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी २३३ मोठ्या, म्हणजे श्वास देण्याचे यंत्र वगैरे असलेल्या, आणि ७०४ साध्या. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या घरात होती. भागाकार करा. सुमारे १ लाख २० हजार माणसांमागे एक गाडी. पुढे नव्या करारासाठी १,७५६ वाहनांची योजना झाली, त्यात मोटारसायकली आणि बोटीसुद्धा धरल्या आहेत. २०२४ मध्ये त्या ठेक्यावरून बराच वाद झाला. त्या वादात मी आज जात नाही. गाड्या वाढणार असतील तर चांगलेच आहे. पण गाडी स्वतः चालत नाही. ९३७ काय आणि १,७५६ काय, त्यांच्यावर बसायला माणसे किती नेमली, हा आकडा मंत्र्यांच्या भाषणात नसतो.

तो आकडा आपण काढू. आपल्या संघटनेने आपल्याला एकच विद्या शिकवली, उत्पादन खर्च काढायची. एक क्विंटल कापसाला बियाणे किती, खत किती, फवारणी किती, वेचणी किती, घरच्या माणसांची मजुरी किती, हे आपण मांडले तेव्हा सरकारी भाव खोटा कसा ते उघडे पडले. तशीच आज एका गाडीची मांडणी करू.

गाडी २४ तास उभी पाहिजे. महिन्याचे ३० दिवस धरले तर ७२० तास झाले. कायद्याने कामाचा दिवस आठ तासांचा आणि आठवड्याला एक सुट्टी. म्हणजे महिन्याला २६ दिवस, एका माणसाचे २०८ तास. ७२० ला २०८ ने भागा. साडेतीनच्या जरा खाली उत्तर येते. आजारपण, लग्नकार्य, दिवाळी धरली तर चार. म्हणजे एका गाडीला चार ड्रायव्हर आणि चार डॉक्टर लागतात. दोनच ड्रायव्हर ठेवले तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला ३६० तास येतात. हे जास्तीचे दीडशे तास कुठून आले? त्याच्या झोपेतून आले. आणि त्या अर्धवट झोपेतल्या माणसाच्या हातात तुमची बाळंतीण रात्री दोन वाजता परळीहून अंबाजोगाईला जाते.

आता मजुरीचा हिशेब. समजा बारा तासांची पाळी आहे आणि महिन्याला २६ पाळ्या. ३१२ तास झाले. त्यांतले २०८ तास नेहमीचे आणि १०४ तास वरकड. वरकड कामाला कायद्याने दुप्पट दर आहे. १०४ ची दुप्पट २०८. म्हणजे नेहमीचे २०८ आणि वरकडाचे २०८, मिळून ४१६ तासांची मजुरी झाली. जो ठेकेदार बारा तास राबवून आठ तासांचा महिना देतो, तो बरोबर निम्मे देतो आणि निम्मे ठेवून घेतो. क्विंटलला निम्मा भाव मिळाला तर काय होते, हे या सभेत कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

आता हे होते का? ठेकेदार वाईट माणूस असतो म्हणून? नाही. तो चांगला असता तरी हेच झाले असते. निविदा निघते. ज्याची बोली सर्वांत कमी, त्याला ठेका. आता बोली कमी करायची तर ठेकेदाराने कोठे कमी करायची? डिझेलचा भाव सगळ्यांना सारखा. टायर, ऑक्सिजन, औषधे यांचेही तसेच. गाडी दुरुस्त करणारा गॅरेजवाला उधार ठेवत नाही. दाबता येईल अशी एकच वस्तू उरते, माणसाची मजुरी. पुन्हा शासनाकडून बिल निघायला उशीर झाला की पंपावर रोख द्यावे लागते, म्हणून थांबतो तो पगार. ठेकेदाराला खेळते भांडवल पाहिजे असते. बँक व्याज घेते. ड्रायव्हर व्याज घेत नाही.

आपल्या जुन्या माणसांना हे ओळखीचे वाटेल. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. कापूस विकायचा तर पणन महासंघालाच. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी सीमा ओलांडायची नाही, ओलांडली तर गाडी पकडणार. आणि केंद्रावर कापूस घातल्यावर पैसे हप्त्या-हप्त्यांनी, त्यांना सवड होईल तसे. एकच गिऱ्हाईक असले की काय होते, हे आपण तीस वर्षे भोगले. भाव तो ठरवणार, वजन तो करणार, प्रत तो लावणार, पैसे तो केव्हाही देणार. आज १०८ वरच्या डॉक्टर-ड्रायव्हरची स्थिती हीच आहे. साऱ्या राज्यात या कामाचे गिऱ्हाईक एकच. ठेकेदाराने काढले तर दुसऱ्या कोणाच्या १०८ वर जाता येत नाही, कारण दुसरी १०८ नाही. आपण खुल्या बाजाराची मागणी केली, ती जिथे विकणारे अनेक आणि घेणारेही अनेक अशा बाजाराची. जिथे घेणारा एक आणि विकणारे हजारो, तिथे बाजार नसतो. तिथे सक्तीची वसुली असते. म्हणून मी आज जे बोलतो आहे ते संघटनेच्या विचाराला सोडून नाही, त्याला धरूनच आहे.

हा एक गिऱ्हाईक बदलतो तेव्हा काय होते, हे उत्तर प्रदेशात २०२१ च्या जुलैमध्ये दिसले. मोठ्या रुग्णवाहिकांचा ठेका एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेला. वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसांना नव्याने नोकरी मागायला सांगितले. त्यांनी संप केला. सरकारने अत्यावश्यक सेवेचा कायदा लावला आणि शेकडो जणांना कामावरून काढले. नीट लक्षात घ्या. संप केला की सेवा अत्यावश्यक आणि पगार मागितला की तो ठेकेदाराचा खाजगी मामला. दोन्ही एकदम कसे खरे असेल?

आता भरतीची गोष्ट. दुसऱ्या राज्यांत बहुतेक ठिकाणी गाडीवर डॉक्टर नसतो. आणीबाणीच्या उपचाराचे शिक्षण घेतलेला तंत्रज्ञ, ज्याला पॅरामेडिक म्हणतात, तो असतो. महाराष्ट्राने डॉक्टर ठेवले. ऐकायला मोठे चांगले वाटते. पण ते डॉक्टर बहुतेक आयुर्वेदाचे आणि होमिओपॅथीचे पदवीधर आहेत. साडेचार वर्षे शिकायचे, वर वर्षभर इंटर्नशिप करायची, घरची जमीन विकून फी भरायची, आणि शेवटी ठेकेदाराच्या दारात उभे राहायचे. पदवीधर उदंड झाले म्हणून डॉक्टर स्वस्त मिळतो. पीक उदंड आले की भाव पडतो, तसेच हे. याचा दुसरा परिणाम असा, की ज्या पोरांनी खास याच कामाचा अभ्यासक्रम केला त्यांना आपल्याच राज्यात जागा नाहीत.

यात पालकांसाठी एक सूचना सांगून ठेवतो. २०२१ साली संसदेने डॉक्टर, परिचारिका वगैरे सोडून इतर आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. पॅरामेडिकचे नाव त्यात आहे. पदविका असो की पदवी, किमान २,००० तासांचे शिक्षण पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. तेव्हा तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत पाटी लावून कोणी सहा महिन्यांत पॅरामेडिक करून देतो म्हणाला, तर फी भरण्याआधी मान्यतेचा कागद मागा. कापूस विकून आलेले पैसे अशा ठिकाणी घालू नका.

कोणी म्हणेल, मग या सगळ्यांना सरकारी नोकरीत घ्या असे सरळ म्हणा ना. मी ते सहज म्हणणार नाही. कायम झालेला माणूस मुक्कामी राहत नाही, हाही आपला अनुभव आहे. पण ठेक्याची दुसरी बाजूही पाहा. २०२३ च्या सप्टेंबरात राज्य शासनाने नऊ खाजगी संस्थांमार्फत माणसे नेमण्याचा निर्णय काढला. पोरे रस्त्यावर आली आणि ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. निर्णय मागे गेला, पद्धत गेली नाही. १०८ त्याआधीपासून तशीच आहे. म्हणून माझी मागणी कायम नोकरीची नाही. आपण भीक मागितली नाही, घामाचे दाम मागितले. त्यांच्यासाठीही तेच मागतो. ठेका द्यायचा तर द्या. पण बोली डिझेलवर लावा, दुरुस्तीवर लावा, व्यवस्थापनावर लावा. माणसाच्या मजुरीवर बोली नको. मजुरीचा आकडा निविदेत शासनानेच आधी लिहावा आणि तो कोणालाही कमी करता येऊ नये.

कायदा या बाजूने आहे. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची, हे कलम १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही मूळ मालकाची ही जबाबदारी आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा, हेही वेतन संहितेत आहे. इथे मूळ मालक कोण? शासन. तेव्हा "तो ठेकेदाराचा प्रश्न आहे" हे साहेबांचे उत्तर कायद्यात बसत नाही.

शेवटी, हे आपल्याच जिवाचे काम का आहे, तेवढे सांगतो. शहरातल्या माणसाला रिक्षा मिळते, शेजाऱ्याची मोटार मिळते. आपल्याला काय मिळते? रात्री पाळीच्या विजेवर पाणी द्यायला गेलेल्या माणसाला मण्यार चावते. ती चावली की फारशी सूज नाही, दुखत नाही. माणूस म्हणतो काही झाले नाही आणि झोपतो. काही तासांत डोळ्यांच्या पापण्या पडतात आणि श्वासाचे स्नायू लुळे होतात. तेव्हा दवाखाना येईपर्यंत हाताने फुगा दाबून श्वास देत राहणारा माणूस शेजारी असेल तर तो जगतो, नसेल तर मरतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. त्या विषबाधेत पहिला तास-दोन तास मोलाचे असतात. परळीहून अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय पंचवीसेक किलोमीटर आहे, बीड त्याच्या तिपटीहून दूर. आपल्या आणि मरणाच्या मधे तेवढा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर दोन माणसे आहेत. ती जागी असली पाहिजेत, शिकलेली असली पाहिजेत, टिकलेली असली पाहिजेत. पगार नाही म्हणून चांगला डॉक्टर सहा महिन्यांत सोडून जातो आणि त्याच्या जागी नवा शिकाऊ येतो. त्याचा पहिला रोगी म्हणजे तुमची आई.

म्हणून या बैठकीपुढे मी ठराव मांडतो.

एक. गाडीवरच्या माणसांची मजुरी निविदेच्या बोलीतून बाहेर काढावी.

दोन. मागच्या महिन्याचा पगार आणि भविष्यनिर्वाह निधी भरल्याचा पुरावा जोडल्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघू नये. आणि शासनानेही बिल वेळेवर काढावे. उशीर शासनाचा असेल तर शिक्षा ड्रायव्हरला नको.

तीन. एका गाडीला चार ड्रायव्हर आणि चार डॉक्टर किंवा पॅरामेडिक असावेत. पाळी आठ तासांची, आणि वरकड तासांना दुप्पट दर.

चार. ठेकेदार बदलला तरी काम करणारी माणसे बदलू नयेत.

ठराव करून आपण घरी जाणार नाही. प्रत्येक तालुक्याच्या दोन कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात एक अर्ज करायचा. दहा रुपयांचा खर्च आहे आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत. आपल्या तालुक्यात १०८ आणि १०२ च्या गाड्या किती, त्यांवर माणसे किती, मागच्या सहा महिन्यांचा पगार कोणत्या तारखेला झाला, करारात गाडी किती मिनिटांत पोचायची लिहिले आहे आणि प्रत्यक्षात किती मिनिटांत पोचली, एवढेच विचारायचे. कोणाचे नाव घ्यायचे नाही, म्हणजे कोणाची नोकरी जाणार नाही. पुढच्या जिल्हा बैठकीला अकराही तालुक्यांचे कागद या टेबलावर पाहिजेत. मग आकडे घेऊन आपण बीडला जाऊ.

आणि तोवर एक काम कोणाच्याही परवानगीशिवाय करता येते. गाडी तुमच्या वस्तीवर आली तर त्या दोघांना आधी पाणी विचारा. उशीर झाला म्हणून ड्रायव्हरच्या अंगावर धावून जाऊ नका. उशीर त्याने केलेला नसतो. कदाचित तो सोळाव्या तासाला तुमच्या दारात आलेला असेल, आणि घरी त्याची बायको तुमच्यासारखीच कापूस वेचत असेल.